आधी माळ, मग डोंगर: अल्बर्टातला आमचा तंबूतला उन्हाळा

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात तंबू ठोकून राहायचं तर तयारी बर्फ पडत असतानाच सुरू करावी लागते. २०२४च्या उन्हाळ्यासाठी आम्ही जानेवारीत कामाला लागलो. कॅलगरीत येऊन काही वर्षं झाली होती, बॅन्फला सकाळी जाऊन रात्री परतणं नेहमीचंच होतं, पण तंबूत एकही रात्र काढलेली नव्हती. घरात मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि त्या वर्षी उन्हाळ्यापुरत्या सांगलीहून आलेल्या सासूबाई. इथल्या मराठी घरांत कॅम्पिंगचा विषय निघाला की तेच प्रश्न ऐकू येतात. बुकिंग मिळतच नाही म्हणे, अस्वलं येतात का, वयस्कर माणसं जमिनीवर कशी झोपणार, संडासाची सोय काय. म्हणून झालं ते सगळं क्रमाने, खर्चासकट लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे इथे बुकिंगच्या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. बॅन्फ, जॅस्पर, वॉटर्टन ही राष्ट्रीय उद्यानं पार्क्स कॅनडाच्या ताब्यात. डायनासोर, सायप्रस हिल्स, कॅनानॅस्किसमधली उद्यानं प्रांताची, म्हणजे अल्बर्टा पार्क्सची. दोन्हीकडे वेगळी खाती उघडावी लागतात. पार्क्स कॅनडाच्या खात्यात शिरायला सरकारची जीसीकी नावाची लॉगिन लागते, नाहीतर आपल्या बँकेच्या लॉगिनमधून जाता येतं. हे काम बुकिंगच्या सकाळी करायला बसू नका. आदल्या आठवड्यात खातं उघडून, पत्ता, गाडीचा नंबर आणि कार्ड भरून ठेवा.

राष्ट्रीय उद्यानांचं बुकिंग हिवाळ्यातच उघडतं. प्रत्येक उद्यानाची तारीख वेगळी असते आणि ती आधी जाहीर होते. बॅन्फची वेळ सकाळी आठची. त्याआधी ऑनलाइन प्रतीक्षागृहात जाऊन बसता येतं, पण लवकर गेल्याचा फायदा काही नाही. आठ वाजता आत असलेल्या सगळ्यांना चिठ्ठ्या टाकल्यागत नंबर मिळतात. आमचा बराच मागे आला. नवरा कामावर जायचा होता, लेक शाळेला, आणि मी लॅपटॉपसमोर चहाचा कप धरून त्या सरकणाऱ्या रेघेकडे बघत बसले. आत शिरायला जवळजवळ अकरा वाजले. तोवर बॅन्फमधल्या टू जॅक लेकसाइड कॅम्पग्राउंडच्या शनिवार-रविवारच्या जागा संपल्या होत्या. पण आम्ही कागदावर पसंतीक्रम लिहून ठेवला होता. दुसऱ्या क्रमांकावर बॅन्फमधल्याच लेक लुईजचा तंबूवाल्यांसाठीचा कॅम्पग्राउंड होता आणि तिथे १९ ते २१ जुलै मिळाला. बुकिंगचं ऑनलाइन शुल्क साडेअकरा डॉलर, जागेचं भाडं रात्रीला तीस डॉलरच्या आसपास. जॅस्परची तारीख वेगळी होती. तिथल्या व्हिसलर्स कॅम्पग्राउंडमध्ये ऑगस्टच्या लाँग वीकेंडला जागा मिळाली, तेव्हा मी अक्षरशः उडी मारली. निवडलेली जागा तुमच्या नावावर ठरावीक मिनिटंच अडून राहते, म्हणून पैसे भरताना कार्ड हाताशी हवं.

प्रांतिक उद्यानांचा हिशेब वेगळा आणि नवख्या माणसाला जास्त सोयीचा. पोचण्याच्या तारखेच्या नव्वद दिवस आधी सकाळी नऊला जागा खुल्या होतात. म्हणजे रोज नवा दिवस उघडतो आणि सगळं गाव एकाच सकाळी तुटून पडत नाही. आम्हाला १४ जूनला डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्कला पोचायचं होतं, म्हणून १६ मार्चला नऊला बसलो आणि पहिल्या काही मिनिटांत हवी ती जागा मिळाली. ५ जुलैच्या सायप्रस हिल्ससाठी ६ एप्रिल. कॅलेंडरवर नव्वद दिवस मोजून मोबाइलमध्ये गजर लावून ठेवला की पुरे.

जागा निवडताना नकाशा मोठा करून बघा. संडासाची इमारत चालत एक-दोन मिनिटांवर असावी, पण अगदी शेजारी नको. रात्रभर दारं आपटतात आणि दिवा डोळ्यांवर येतो. फ्लशचा संडास आहे की खड्ड्याचा, शॉवर आहे का, हे प्रत्येक ठिकाणच्या माहितीत लिहिलेलं असतं. संडासासाठी पाण्याचा मग आणि बाटली आपली आपण न्यायची. एवढी एक गोष्ट सोबत असली की आपल्या घरातली निम्मी कुरकुर मिटते.

सामान एकदम विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. कॅलगरी विद्यापीठाच्या आउटडोअर सेंटरमध्ये तंबू, स्लीपिंग बॅगा, शेगडी सगळं भाड्याने मिळतं. पहिल्या वेळी आम्ही स्लीपिंग बॅगा आणि खालच्या गाद्या तिथून आणल्या, फक्त सहा माणसांचा तंबू सेलमध्ये अडीचशे डॉलरला घेतला. चौघांना सहाचा तंबू लागतोच, कारण बॅगाही आतच राहतात. दोन चुलींची गॅसची शेगडी शंभराच्या आत आली. सासूबाईंसाठी घडीची खाट घेतली, ऐंशी डॉलर. त्यांचे गुडघे दुखतात, जमिनीवरून उठणं त्यांना जमत नाही. ती खाट म्हणजे या संपूर्ण खर्चातले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे. फक्त खाटेखालून गार वारा लागतो, म्हणून तिच्यावरही जाड गादी हवी आणि गादीवर घरची गोधडी.

मेच्या शेवटी मागच्या अंगणात तंबू लावून एक रात्र काढली. खुंट्या कशा तिरक्या ठोकायच्या, वरचं पावसाचं कापड कुठल्या बाजूने ताणायचं, हे सगळं घराच्या दाराशी असताना शिकलेलं बरं. लेकीला तंबूचे खांब जोडायचं काम इतकं आवडलं की पुढे सगळीकडे ते तिचंच झालं.

१४ जूनला दुपारी निघालो. कॅलगरीहून हायवे वनने पूर्वेला, मग ब्रूक्सहून ईशान्येला, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. सगळा सपाट माळ. गहू, कुरणं, तेलविहिरींच्या डोलणाऱ्या पंपांशिवाय उभं काहीच नाही. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, इथे बघायचं काय?" आणि मग उद्यानाचं प्रवेशद्वार ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेची जमीन एकाएकी खाली गेली. समोर पट्ट्यापट्ट्यांच्या राखाडी, तपकिरी टेकड्या, दगडाची टोपी घातलेले मातीचे सुळके, आणि तळाशी रेड डिअर नदीकाठची हिरवी झाडी. आपण त्या माळाच्या पोटात उतरतो. गाडीतलं बोलणं थांबलं.

इथल्या खडकांचं वय सुमारे साडेसात कोटी वर्षं. डायनासोरांच्या पन्नासहून अधिक प्रजाती इथे सापडल्या आहेत आणि १९७९पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. उद्यानाचा मोठा भाग राखीव असल्यामुळे तिथे मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. या फेऱ्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि तंबूच्या जागेबरोबरच तेही काढून ठेवावं, कारण उन्हाळ्यात ते भरतात. आमच्या फेरीत मार्गदर्शक बाईंनी जमिनीकडे बोट दाखवून लेकीला विचारलं, यातला दगड कुठला आणि हाड कुठलं? ती वाकून बघत राहिली आणि मग एका तपकिरी तुकड्यावर बोट ठेवलं. त्याच्या तुटलेल्या कडेला बारीक बारीक भोकं होती, जाळीच्या बिस्किटाला असतात तशी. ते हाड होतं. तिने हात लावून तसंच खाली राहू दिलं. इथून खडा उचलणंसुद्धा कायद्याने गुन्हा आहे आणि मुलांना हे निघण्याआधीच सांगून ठेवावं.

कॅम्पग्राउंड ओढ्याकाठी, कॉटनवुडच्या जुन्या झाडांखाली आहे. जूनमध्ये या झाडांचा पांढरा कापूस उडत असतो. तो तंबूवर साचतो, चहात पडतो, लेकीच्या केसांत अडकतो. डास भरपूर, म्हणून लांब बाह्यांचे फिके कपडे आणि डासांचा स्प्रे हवाच. चालताना पायात पूर्ण बूट हवेत, कारण निवडुंग आहे आणि क्वचित रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी खुळखुळवणारे विषारी सापही असतात. शनिवारी संध्याकाळी पावसाची सर आली आणि टेकड्यांची माती पाहता पाहता निसरडी झाली. त्या मातीत बेंटोनाइट असतं. पाणी लागलं की ती फुगते आणि पाय ठरत नाही. पाऊस पडला की टेकडीवरून उतरून सपाटीला यायचं आणि माती सुकेपर्यंत पुन्हा चढायचं नाही, हे मार्गदर्शकांनी आधीच बजावलं होतं.

त्या रात्री पिठलं आणि घरून करून नेलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. जूनमध्ये दहाच्या पुढेही उजेड असतो. तो गेल्यावर ओढ्यापलीकडून कायोट ओरडायला लागले, आधी एक, मग चारी बाजूंनी. मी लेकीचा हात धरून पडले होते. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "कोल्हे आहेत ग, आमच्या मळ्यात यायचे." आणि त्या झोपूनही गेल्या. मला वाटतं त्याच रात्री माझी भीती बरीच कमी झाली.

सायप्रस हिल्सबद्दल थोडक्यात. मेडिसिन हॅटच्या आग्नेयेला तासाभराच्या आत, अल्बर्टा आणि सस्कॅचेवान दोन्ही प्रांतांत पसरलेलं उद्यान. माळावरून चढत चढत पाइनच्या रानात पोचतो, उंची साडेचौदाशे मीटरपर्यंत जाते. जुलैतही रात्री स्वेटर आणि कानटोपी लागते. २००४पासून हे अंधाऱ्या आकाशासाठी राखलेलं क्षेत्र आहे. तारे बघायचे तर अमावास्येच्या आसपासची तारीख धरा. आम्ही पंचांग बघूनच ५ जुलै निवडली होती. लेकीने जन्मात पहिल्यांदा आकाशगंगा बघितली.

या दोन्ही ठिकाणांमुळे डोंगरात जाताना हात सरावले होते. आणि डोंगरात तयारी जास्त लागते, ती अस्वलांमुळे. लेक लुईजचा तंबूंचा कॅम्पग्राउंड विजेच्या कुंपणाने वेढलेला आहे. गाड्या एका वीजभारित जाळीवरून आत जातात, तिच्यावरून पायी चालायचं नाही, माणसांसाठी वेगळं फाटक आहे. फाटकावर सूचना लिहिलेल्या आहेत, लहान मुलांना त्या वाचून दाखवा. कुंपण असलं तरी नियम तेच. खाण्याचं, किंवा वास येणारं काहीही उघड्यावर किंवा तंबूत ठेवायचं नाही. प्रवेशाच्या खोपटात पार्कच्या कर्मचारी मुलीने हे शांतपणे समजावून सांगितलं आणि यादीचा कागद हातात दिला. आपल्या घराच्या हिशेबाने त्या यादीचा अर्थ काय होतो ते सांगते. कूलर, पिठं, मसाल्याचा डबा, तेल हे तर आलंच. शिवाय हिंगाची डबी, बडीशेप, टूथपेस्ट, साबण, लेकीचं लिप बाम, सासूबाईंचं कैलास जीवन आणि उदबत्तीचा पुडा. धुतलेल्या भांड्यांचं खरकटं पाणीसुद्धा झाडाखाली ओतायचं नाही, ठरलेल्या जागीच ओतायचं. स्वयंपाक करताना घातलेले कपडे बदलून गाडीत ठेवले. फोडण्या आम्ही घरीच करून डब्यांत भरून नेल्या होत्या. तिथे फक्त गरम करायचं आणि गरम भात लावायचा. वास कमी, गॅस कमी, धुणंही कमी.

रोज निजण्यापूर्वी टॉर्च घेऊन फेरी मारायची आणि टेबलावर, बाकाखाली, पिशव्यांच्या खिशांत काही राहिलंय का बघायचं, हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. शुभं करोति म्हणून झालं की त्या लेकीला घेऊन निघायच्या. बेअर स्प्रे, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा तिखट फवारा, पन्नास डॉलरच्या आसपास मिळतो. तो बॅगेच्या तळाशी ठेवून उपयोग नाही, कमरेला हवा. त्यावरची मुदतीची तारीख बघून घ्या, आणि खटका कसा काढायचा ते घरी समजून घ्या. अस्वलापासून शंभर मीटर, एल्क नावाच्या मोठ्या हरणापासून तीस मीटर अंतर राखायचं असतं.

रात्री थंडी चांगली वाजली. त्या आठवड्यात कॅलगरीत अंगाची लाही होत होती, आणि इथे आम्ही पहाटे मोजे, टोपी, जाकीट घालून स्लीपिंग बॅगेत. शिवाय शेजारून रेल्वेलाइन जाते आणि मालगाड्या रात्रीही धावतात, तेव्हा कानात घालायचे बोळे न्या. जवळच्या मोरेन लेक या तळ्याला खासगी गाड्या जात नाहीत, शटल बसचं तिकीट काढावं लागतं. काही जागा वसंतात विकतात आणि बाकीच्या प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी आठला. आम्हाला तशीच मिळाली. तेव्हा मोठ्यांना आठ डॉलर, ज्येष्ठांना चार, मुलांना फुकट होतं. सासूबाई त्या निळ्या पाण्याशी दगडावर बराच वेळ बसल्या. उठवायला गेले तर म्हणाल्या, "तुम्ही या फिरून, मी आहे इथेच."

राष्ट्रीय उद्यानांत राहण्याच्या भाड्याशिवाय प्रवेशशुल्क वेगळं असतं. बॅन्फला त्या वर्षी एका गाडीतल्या कुटुंबाला दिवसाला २२ डॉलर, आणि वर्षभराचा डिस्कव्हरी पास १५१ डॉलर २५ सेंट. वर्षात सात दिवस जाणार असाल तर पास घ्या. कॅनानॅस्किसचा पास निराळा, तेव्हा गाडीला दिवसाला १५, वर्षाला ९० होता. शेकोटीचा परवाना बॅन्फमध्ये तेव्हा रात्रीला दहा डॉलरच्या आसपास होता. पण शेकोटीवर विसंबून जेवणाचा बेत करू नका. उन्हाळ्यात वणव्यांच्या भीतीने बंदी कधीही लागते, तेव्हा गॅसच्या शेगडीवरच भागवावं लागतं.

२१ जुलैला घरी आलो. हवेत धुराचा वास तेव्हाही होता. २२ तारखेच्या रात्री वणव्यामुळे जॅस्पर गाव रिकामं करण्याचा आदेश निघाला आणि हजारो माणसं अंधारात, धुरातून बाहेर पडली. २४ला आग गावात शिरली आणि सुमारे एक तृतीयांश इमारती गेल्या. आमचं ऑगस्टचं बुकिंग रद्द झालं, पैसे परत आले. पैशांचं काहीच वाटलं नाही. ज्यांची घरं गेली त्यांच्या बातम्या बघताना मी कितीदा रडले. आगीच्या दिवसांत निघण्याआधी अल्बर्टाची वणव्यांची माहिती आणि हायवेची स्थिती बघायची, गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि तंबूत असताना गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवायचं, हे तेव्हापासून आमच्या घरात ठरलं आहे. त्याच लाँग वीकेंडला, ५ ऑगस्टला, कॅलगरीत प्रचंड गारपीट झाली. माळावर तंबूत असताना असं आभाळ भरून आलं तर तंबू सोडून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जायचं.

जॅस्पर हुकल्यावर मी पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर वॉटर्टनसाठी जागा सुटली की कळवा, असं नोंदवून ठेवलं. रद्द झालेल्या जागा सतत परत येत असतात, विशेषतः आठवडाभर आधी. तरी ईमेलची वाट बघत बसण्यापेक्षा सकाळी उठल्याबरोबर एकदा स्वतः बघणं बरं. मला जागा तशीच मिळाली, २३ ऑगस्टची, गावातल्या टाउनसाइट कॅम्पग्राउंडवर.

वॉटर्टनला माळ आणि डोंगर यांच्यामध्ये काहीच नाही. गवत संपतं तिथे डोंगर उभा राहतो. २०१७च्या केनो वणव्यात उद्यानाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग जळाला होता. उतारांवर काळे-राखाडी बुंधे अजून उभे आहेत आणि खाली नवं हिरवं आलेलं आहे. जॅस्परनंतर महिन्याभरात ते बघणं आम्हा सगळ्यांनाच जड गेलं आणि बरंही वाटलं. कॅम्पग्राउंड तळ्याकाठी उघड्यावर आहे आणि वारा विलक्षण. लांब जाड खुंट्या, सगळ्या दोऱ्या ताणून, तंबूचं दार वाऱ्याकडे पाठ करून, आणि गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी. उंच मंडप नेऊ नका, उडतो. स्वयंपाक सार्वजनिक ओट्यांच्या शेडमध्ये करता येतो. तिथेच शेजारच्या तंबूतल्या एका पंजाबी कुटुंबाने आम्हाला पराठे दिले आणि आम्ही त्यांना शेंगदाण्याची चटणी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आधी माळच सुचवेन. बुकिंग सोपं, गर्दी कमी, रात्री थोड्या उबदार. पण तेवढ्यासाठीच नव्हे. सासूबाईंना परत जाताना विचारलं, सगळ्यांत काय आवडलं, तर त्यांनी लेक लुईजचं नाव घेतलं नाही, डायनासोरचं घेतलं. लेकीनेही.

उन्हाळ्याचा एकूण खर्च सामान, भाडी, पास, पेट्रोल धरून साधारण चौदाशे डॉलर झाला. त्यातलं निम्मं सामान पुढची कित्येक वर्षं चालेल. घरी आल्यावर तंबू त्याच दिवशी उघडून गॅरेजमध्ये पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी धरते. स्लीपिंग बॅगा आवळून न ठेवता कपाटात सैल टांगा. आमचा तंबू, शेगडी आणि ती खाट सध्या रिकामीच आहे. कॅलगरीत कुणाला पहिल्यांदा जायचं असेल तर निःसंकोच मागा, खुंट्यांसकट देते.